पत आणि अब्रू

२०२३च्या सप्टेंबरात आमच्या रायपूरला पाहुणे येणार होते. जी-२०च्या फ्रेमवर्क वर्किंग ग्रुपची चौथी बैठक १८ आणि १९ तारखेला नवा रायपुरात भरणार होती. जगाच्या अर्थव्यवस्थेची काळजी वाहणारी ही मंडळी. आम्हा चौबे कॉलोनीवाल्यांच्या वाट्याला त्यातलं काय येणार, तर वळवलेली वाहतूक. तरी उत्साह होता. २३ ऑगस्टला चांद्रयान चंद्रावर उतरलं होतं, दिल्लीची शिखर परिषद नुकतीच पार पडली होती, आणि विमानतळाकडच्या रस्त्यावर रंगाचे डबे नि कुंड्या उतरत होत्या. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी कर्जविभागात गेली. ते रोज संध्याकाळी स्कूटर काढून तिकडं चक्कर मारायचे आणि परतल्यावर फाटकातूनच सांगायचे, “अगं, ओळखू येत नाही आपलं गाव.”

मलाही बरं वाटत होतं, हे आधीच सांगून टाकते. मी काही या सगळ्याकडं नाक मुरडून बघणाऱ्यांतली नव्हते. रायपूर कुठं आहे हे पुण्यातल्या माणसालाही दोनदा सांगावं लागतं. नागपूरनंतर, म्हटलं की “मग तिथं मराठी बोलतात?” हा प्रश्न ठरलेला. १९५६पर्यंत नागपूर आणि आम्ही एकाच प्रांतात होतो, आमच्या कॉलोनीतच महाराष्ट्र मंडळ आहे, तिथं गणपती बसतो, नाटकं होतात, हे सगळं सांगेपर्यंत समोरच्याचं लक्ष उडालेलं असतं. तेव्हा परदेशी पाहुण्यांनी आपल्या गावात दोन रात्री काढाव्यात याचं अप्रूप वाटणारच.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक कथा होती. बीड जिल्ह्यातल्या एका लेखिकेची. बाहेरदेशीच्या एका नियतकालिकाने माझ्याकडून इंग्रजी अनुवादासाठी एक मराठी कथा मागवली होती, निवड माझ्यावर सोपवली होती. कथेतली बाई ऊस तोडायला जाते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती सहा महिने राबून फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर ‘खाडा’, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंड. दर महिन्याला पाळीत खाडा पडतो. पोटात दुखतं म्हणून बाई डॉक्टरकडे जाते. डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाक. ती नवऱ्याला विचारते, नवरा मुकादमाला विचारतो, आणि शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीत चढतो. तिचं वय सव्वीस. कथा अवघी नऊ पानांची, कुठंही आवाज न चढवणारी.

ती कथा मी पाठवली नाही. दुसरी पाठवली. निवृत्त पोस्टमन म्हातारपणी पोहायला शिकतो, अशी. चांगली कथा होती, वाईट नाही म्हणणार मी. पण पहिलीच्या पासंगाला पुरली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं. स्वतःला मी कारण दिलं ते धंद्यातलं: ‘पिशवी’चं इंग्रजी होत नाही. गर्भाशय म्हणावं तर तो डॉक्टरचा शब्द. बाई तो उच्चारतच नाही. तिच्या लेखी ती पिशवीच. बाजाराला जाताना घ्यायची, रिकामी झाली की खुंटीला अडकवायची. हे इंग्रजीत आणायचं कसं? अनुवादकाला असा एखादा अडून बसलेला शब्द सापडला की किती सोय होते, ते अनुवादकालाच माहीत.

खरं कारण वेगळं होतं. त्या महिन्यात, बाहेरचे लोक आपल्याकडं कौतुकाने बघत असताना, मला ही कथा त्यांच्या हातात द्यायची नव्हती. कुणी मनाई केली नव्हती. कुणाला पत्ताही नव्हता.

आपल्याकडं याला एक म्हणणं तयारच आहे: लक्तरं वेशीवर टांगू नयेत. घरातलं घरात. यात अब्रू हा शब्द आपोआप येतो. अब्रू मूळ फारसीतला. तोंडावरचं पाणी, तेज, असा त्याचा अर्थ. मराठीत तो आला आणि त्याला पदर फुटला. अब्रू झाकतात, अब्रू जाते, अब्रू घेतात, अब्रूचे धिंडवडे निघतात. एकदा गेली की गेली. आणि घराची अब्रू ठेवायची जागाही ठरलेली असते: घरातल्या बाईचं अंग. दुसरा शब्द आहे पत. ती झाकण्याची गोष्ट नाही. ती बाजारात असते, उधारीच्या वहीत असते. वाढते, घसरते, पुन्हा सावरता येते. जो वही उघडून दाखवतो त्याची पत राहते. जो वही लपवतो त्याच्याबद्दल कुजबुज सुरू होते. आता वर्तमानपत्रं ‘देशाची प्रतिमा’ असं लिहितात, आमच्याकडच्या हिंदीत ‘छवि’. हा नवा शब्द गुळगुळीत आहे. त्यामागे आपण पतीबद्दल बोलतोय की अब्रूबद्दल, ते कळतच नाही. देश जगात वावरतो तो पतीवर, असं मला आता वाटतं. आपण मात्र तिला अब्रू समजून पदराखाली घेतो. दिल्लीत शिखर परिषदेच्या वेळी वसंत विहारजवळच्या एका झोपडवस्तीवर हिरवं कापड टाकलं होतं. त्याआधी २०२०च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष अहमदाबादला येणार म्हणून विमानतळाच्या रस्त्याकडेच्या वस्तीपुढं भिंत उभी राहिली होती. कापड नि भिंत ही अब्रूची साधनं. पतीला त्यांचा उपयोग नसतो.

रायपूरच्या मराठी अनुवादकाला माधवराव सप्र्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे ते. त्यांनी १९०१मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ या आपल्या मासिकात एक छोटी हिंदी गोष्ट लिहिली: ‘एक टोकरी भर मिट्टी’. जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचं असतं, मध्ये विधवेची झोपडी येते. शेवटी तो तिला हुसकतो. ती झोपडीतली टोपलीभर माती मागून घेते, टोपलीला हात लावा म्हणते, आणि ती त्याला उचलवत नाही. एक टोपली उचलत नाही, या सगळ्या मातीचा भार कसा सोसाल, असं ती विचारते. सप्र्यांच्या जमीनदाराला पश्चात्ताप होतो. गोष्ट जुनी आहे.

मला मात्र त्या दिवसांत सतत आठवत होती ती वेगळीच जोडी. पंडिता रमाबाई १८८६मध्ये अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्याच्या समारंभासाठी. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियातून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर. बालविवाह, वैधव्य, केशवपन, माहेर-सासरचं दडपण, सगळं त्यात मांडलेलं. मनुस्मृतीचे दाखले देऊन, संस्कृत जाणणाऱ्या बाईच्या अधिकाराने. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. १८८७च्याच अखेरीला बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं पैसे देण्याचं ठरलं, गावोगावी रमाबाई मंडळं निघाली. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं.

सहा वर्षांनी, १८९५च्या सुमाराला, ब्रुकलिनमध्ये त्यातल्या एका मंडळाची गाठ पडली विवेकानंदांशी. सर्वधर्मपरिषदेनंतर ते गावोगाव व्याख्यानं देत होते. हिंदू विधवांच्या हालांची अमेरिकेत जी वर्णनं केली जातात ती अतिरंजित आहेत, असं त्यांचं म्हणणं. मंडळातल्या बायका भडकल्या. आम्ही मग पैसे कशासाठी गोळा करतोय? वर्तमानपत्रांतून पत्रापत्री झाली.

विवेकानंद आमच्या रायपूरचे म्हणायला हरकत नाही. चौदा वर्षांचा नरेंद्र १८७७मध्ये घरच्यांबरोबर इथं आला, शेवटचा लांब पल्ला बैलगाडीने. सुमारे दोन वर्षं राहिला. विमानतळाला त्यांचं नाव आहे, बूढा तलावात त्यांचा पुतळा आहे. जी-२०चे पाहुणे त्यांच्याच नावाच्या विमानतळावर उतरले. मी लहानपणी शाळेत त्यांच्यावर भाषणं केली आहेत. म्हणून असेल, किंवा वय वाढलं म्हणून असेल, मला या प्रकरणात त्यांच्यावर सरळ रागावता येत नाही. आपल्याकडच्या आया पोरं मगरींना घालतात का, असले प्रश्न त्यांना सभांतून विचारले जात. मिशनऱ्यांनी रंगवलेलं चित्र पुसायला उभा राहिलेला माणूस अंगावरचे व्रण दाखवत बसेल कसा? आणि त्यांना ते व्रण दिसत नव्हते असंही नाही. त्याच अमेरिकेतून मद्रासच्या, कलकत्त्याच्या आपल्या माणसांना ते जी पत्रं लिहीत होते, ती वाचवत नाहीत इतकी कडक आहेत: गरिबांना तुडवणारे, धर्म स्वयंपाकघरात कोंबणारे, शिवाशिवीचे म्हणून आपल्याच लोकांची सालटी काढलेली. बाहेर एक भाषा, घरात एक. पुष्कळ सज्जन माणसं अशीच वागतात. मीही त्यातलीच.

रमाबाईंनी तसं केलं नाही. त्यांनी वही बाहेर उघडली. त्याची किंमत पडली, आणि ती फुकटची नव्हती हेही सांगायला हवं. ज्या पैशाने सदन उभं राहिलं त्या पैशामागे एक धर्म होता, दात्यांचा एक मोठेपणा होता. १८९३मध्ये पुण्यात धर्मांतराचा वाद पेटला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, ‘केसरी’ने झोड उठवली. या वादात कोण बरोबर याची चर्चा अजून होते, होऊ दे. मला त्यातला एकच जमाखर्च ठाऊक आहे. शारदा सदनात आलेली पहिली विधवा गोदूबाई. पुढं १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं. ब्रुकलिनमध्ये भारताचं नाव किती खाली गेलं हे कुणी मोजलेलं नाही. गोदूबाई मात्र मोजता येते.

गांधीजींनी १९२७मध्ये कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच लेखात, हे पुस्तक पाश्चात्त्यांपुढं ठेवण्याच्या लायकीचं नाही पण प्रत्येक हिंदी माणसाला ते वाचून काही फायदा होईल, अशा अर्थाचंही ते म्हणतात. मला ही मधली वाट फार आवडायची. घरात सगळं बोला, बाहेर जपून. कितीतरी वर्षं मी हाच नियम धरून अनुवाद निवडले. मेयोचा हेतू उघड होता: हे लोक स्वराज्याच्या लायकीचे नाहीत हे दाखवणं. अशा वाचकाच्या हाती आपण कशाला जायचं? आणि आजही इंग्रजीतला बाजार काही निष्पाप नाही. मला संपादकांनी ‘जातीबद्दल थोडं आणखी’ मागितलेलं आहे, जणू मीठ कमी पडलंय.

पण हा नियम एका गोष्टीवर उभा आहे. घरात ऐकून घेणारं कुणी असलं पाहिजे. बस्तरमधल्या बिजापूरचे पत्रकार मुकेश चंद्राकार परदेशी वृत्तपत्रांकडे गेले नव्हते. ते घरातच बोलत होते, आमच्याच राज्यात, हिंदीत, स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर. २०२१मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातल्या एका जवानाला सोडवून आणणाऱ्यांत ते होते. नंतर एका रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी उजेडात आणला. २०२५च्या पहिल्या तारखेपासून ते बेपत्ता झाले. ३ जानेवारीला त्यांचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत सापडला. टाकीवर नवं सिमेंट ओतलेलं होतं. त्यानंतर जगभरातल्या पत्रकार संघटनांनी निषेध केला, बातम्या आल्या. आमच्या कॉलोनीत कुणी म्हणालं, “छत्तीसगढची किती बदनामी झाली.” बदनामी टाकीने झाली की बातमीने, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. सणाचे दिवस होते, घरात हळदीकुंकू होतं.

महिनाभरात, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले. प्रवासभर हातापायांत बेड्या. त्यात महाराष्ट्राचेही तिघे होते. तो दिवस मी विसरले नाही, कारण त्या दिवशी माझाही संताप झाला आणि तो निखळ अब्रूचाच संताप होता: आपल्या माणसांना असं? टीव्हीवर तेच चाललं होतं. शेतं विकून, कर्ज काढून एजंटला पैसे भरलेल्या माणसांकडं आता फेडायला काय उरलं, हा प्रश्न दोन दिवसांत मागे पडला. बेड्या सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. कर्ज ज्याचं त्याच्याकडं राहिलं.

मी थोडी पुढं गेले. परत २०२४च्या मार्चकडे येते. त्या महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये महाराष्ट्रातल्या ऊसतोड बायकांवर मोठा शोधवृत्तान्त आला. उचल, कर्ज, अल्पवयातली लग्नं, काढलेली गर्भाशयं, आणि ती साखर विकत घेणाऱ्या कोका-कोला, पेप्सीसारख्या कंपन्या. यातलं मराठीत नवीन काय होतं? २०१९मध्येच हे वर्तमानपत्रांत आलं होतं, विधान परिषदेत गाजलं होतं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली होती. जे नवं होतं ते एवढंच, की या वेळी हिशेब दुसऱ्या टोकापासून मांडलेला होता. बाटली पिणाऱ्याला त्याच्या बाटलीतल्या साखरेचा उगम दाखवला होता. मेयोच्या पुस्तकात वाचणारा वर बसून खाली बघत होता. इथं तो त्याच वहीत, दुसऱ्या रकान्यात होता.

मी तो वृत्तान्त सकाळी फोनवर वाचला आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला लाज वाटते: माझी कथा आधी गेली असती तर! देशाची लाज नव्हे, बाईची दया नव्हे, अनुवादकाची असूया. दुपारपर्यंत ती ओसरली आणि मग मी बीडला फोन केला.

लेखिका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला मी आधी कधीच सांगितलं नव्हतं की तिची कथा सहा महिन्यांपूर्वी मी निवडली होती आणि बाजूला ठेवली होती. सांगितलं. का ठेवली तेही सांगितलं, जी-२०सकट. ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, ही गोष्ट छापून आली तेव्हा आमच्या गावात तीन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मुकादम माझ्या चुलत्याच्या नात्यातला. म्हणाले, गावाचं नाव घालवलं. मी अजून त्याच गावात राहते.” आणि थोडं थांबून, “तुम्ही तर रायपूरला राहता ना?”

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं की इतक्या लांब, सुरक्षित बसलेल्या बाईला कशाची भीती वाटली. मला उत्तर देता आलं नाही. गावाचं नाव, राज्याचं नाव, देशाचं नाव. प्रत्येक पायरीवर कुणीतरी तेच म्हणतं आणि प्रत्येक वेळी गप्प बसायला सांगितलं जातं ते सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला. तिच्या गावाने तिला जे सांगितलं, तेच मी देशाच्या वतीने परस्पर करून टाकलं होतं. तिला विचारलंही नव्हतं.

उन्हाळ्यात मी अनुवाद पुन्हा हाती घेतला. पिशवीसाठी मी शेवटी बाजाराच्या पिशवीचाच साधा इंग्रजी शब्द ठेवला. संपादकाने समासात विचारलं, कोणती पिशवी? मी लिहिलं, पुढच्या पानावर कळेल, वाचकाला एक पान थांबू द्या. ‘खाडा’ तसाच ठेवला. ‘कोयता’ही. स्पष्टीकरणं नको म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं.

कथा छापून आल्यावर काकांनी वाचायला मागितली. मला धाकधूक होती. काकांच्या दिवाणखान्यात अजून त्या सप्टेंबरातल्या सजवलेल्या रस्त्याचा फोटो आहे, त्यांनीच काढलेला. दोन दिवसांनी ते अंक घेऊन आले, खुर्चीत बसले, चष्मा लावला. मी चहा टाकायला उठले तर म्हणाले, “चहा राहू दे. मला हे सांग, ही खाड्याची भानगड काय? उचलीतूनच कापतात की मजुरीतून?”

मी म्हटलं, मजुरी उचलीपोटीच धरलेली असते, म्हणजे एकच.

“एकच कसं?” काका म्हणाले. “मुदलात धरलं तर वेगळं, व्याजात धरलं तर वेगळं. ऑपरेशनचे पैसे परत वर चढवलेत. दर टनाचा भाव काय देतात? हंगाम किती दिवसांचा?” मी जे ठाऊक होतं ते सांगितलं. त्यांनी अंकाचं मागचं कोरं पान उघडलं, खिसे चाचपले आणि माझ्याकडं पेन मागितलं.